ढेप्याचा कौल

"हात पुढे कर, हौसे. नखंसुद्धा बघायची आहेत," लिंबाजी गुरव म्हणाला.

मी दोन्ही हात पुढे केले. त्याने ते नाकाशी नेऊन हुंगले, मग माझे केस हुंगले, मग नव्याकोऱ्या लुगड्याचा पदर हुंगला. रिठ्याने घासून घासून माझं अंग लाल झालं होतं, आणि हा म्हातारा मला बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखं उलटंपालटं करून बघत होता.

"झालं समाधान? की जीभ काढून दाखवू?"

"जीभ आतच असू दे बाई. तिला रिठा लावून काही उपयोग नाही," असं म्हणत तो काठी टेकत पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे माझा सख्खा भाऊ सुभान उभा होता, त्याच्यामागे तळदेशच्या खड्गसेन राजाची अख्खी फौज. गुरवाने त्याचीही नखं हुंगली. दादाने मान फिरवली नाही. तो सरळ माझ्याकडे बघत होता. असं कुणी विंचवाकडेसुद्धा बघत नाही.

आता तुम्हाला शरभ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. गडाच्या दारावर कोरलेला शरभ तुम्ही बघितला असेल. सिंहाचं अंग, पाठीवर पंख, पंजाखाली चिरडलेले हत्ती. लोकांना वाटतं, पाथरवटाने तो मनाने काढला. कसला मनाने काढतोय! आमच्या सातकड्यांच्या मुलुखात येऊन, आमच्या दारातला जिवंत बघून काढलाय. मेघदरवाजाची राखण पिढ्यान् पिढ्या आमच्या घराकडे, आणि राखण म्हणजे शरभ. त्याने एक झेप घेतली की खिंडीतली वाट बंद. त्याचं मानाचं नाव रणधवल. घरातलं नाव ढेप्या, कारण गुळाची ढेप दिसली की त्या रणधवलाचं मांजर व्हायचं.

तर शरभ माणूस पारखतो तो वासाने. राखणीला बसणाऱ्याने वर्षभर एका घोंगडीत झोपायचं. ती घोंगडी धुवायची नाही, झटकायची नाही, उन्हात टाकायची नाही. पुढे शरभिणीला पिल्लू झालं की डोळे उघडेपर्यंत ते त्या घोंगडीवर ठेवायचं. डोळे उघडले की घरची सगळी माणसं गोल करून बसायची, आणि पिल्लू ज्याच्या मांडीवर जाईल तो राखणदार. याला पारखणी म्हणतात. आणि त्या घोंगडीला जो पाणी लावेल त्याने कडा उतरायचा, परत वर यायचं नाही, असा दंडक.

ते वर्ष दादाचं होतं. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला, पण रुबाब सरनोबताचा. वर्षभर त्या घोंगडीत झोपून त्याच्या अंगाला असा काही दर्प यायला लागला होता की शेळ्यासुद्धा वाट सोडायच्या. शरभीण गाभण होती तेव्हा तो रोज तिच्या पोटाला तोंड लावून आतल्या पिल्लाशी बोलायचा, शीळ घालायचा. आईबाप आमचे लहानपणीच गेलेले. दादाला त्या पिल्लाचा किती ध्यास होता, ते मला सात वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

आणि पारखणीच्या दिवशी झालं काय? पिल्लाने डोळे उघडले, चार पावलं धडपडलं, दादाच्या समोरून गेलं आणि थेट माझ्या मांडीत येऊन बसलं. बसलं आणि मुतलं. मी तिथे केवळ गूळखोबरं मिळतं म्हणून गेले होते. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटून हसायला लागले.

दादाने पिल्लाखालची घोंगडी ओढली, तिचे काठ बघितले आणि किंचाळला, "ही माझी नाही! माझ्या घोंगडीला निळ्या दोऱ्याचं रफू होतं! कुणीतरी बदलली!"

"पारखणी झाली," काका म्हणाले. आमचे काका तेव्हा राखणदार. कातळाला पाझर फुटेल, पण त्यांना नाही. "शरभाचा शब्द फिरत नाही."

"हसतेय बघा ती! हिनेच बदलली!"

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा कडा उतरून गेला. काका म्हणाले, भूक लागली की येईल. तो आला नाही. पुढे म्हातारी शरभीण गेली, काकाही गेले. राहिलो मी, ढेप्या आणि गोजराकाकू. काकू तळदेशातून लग्न होऊन आलेली, पारखणीच्या वेळी अगदी नवी सून. तिला स्वतःचं मूल झालं नाही. तिने मला पोटाशी घेऊन वाढवलं आणि ढेप्याला शिव्या देऊन. ढग गडगडले की हे एवढं मोठं धूड स्वयंपाकघरात घुसून काकूच्या पदराखाली डोकं खुपसायचं. आम्ही म्हणायचो, गुळासाठी ढोंग करतोय मेला.

एक तप उलटलं आणि खड्गसेनाची फौज खिंडीत आली. आमच्याकडे धड शंभर माणसं नव्हती. ढेप्याने शेदोनशे लोळवले असते आणि शेवटी भाल्यांनी तोही पडला असता. मी दात आवळून त्याच्या पाठीवर खोगीर चढवत होते, तेवढ्यात खालून निरोप आला. लढाई नको. राजा हाकेचा कौल मागतोय. आणि राजाच्या वतीने हाक घालणार सुभान.

हाकेचा कौल आमच्याकडे कुणाच्या आज्यानेही बघितला नव्हता. फक्त लिंबाजी गुरवाला त्याचे नियम पाठ होते आणि ते सांगायला मिळणार म्हणून स्वारी भलतीच खूश होती. दोन दावेदार पटांगणाच्या दोन टोकांना, मध्ये शरभ मोकळा. दोघांनी अंगावरचा वास घालवायचा म्हणजे फक्त आवाजाने निवाडा होईल. शरभ ज्याच्या पुढ्यात बसेल, दरवाजा त्याचा. दोन्ही बाजूंनी तो निवाडा मानायची शपथ घ्यायची.

तुम्ही म्हणाल, मग भ्यायचं कारण काय? ढेप्या तर तुझाच. अहो, माझाच होता. पण त्याने जगातला पहिला आवाज ऐकला होता तो दादाचा. आईच्या पोटात.

कौलाआधी दावेदारांनी पटांगणाच्या मध्ये येऊन एका तांब्यातलं पाणी प्यायचं असतं. दादा जवळ आला तेव्हा बघितलं, कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. एवढ्या लवकर!

"दादा—"

"दादा म्हणू नकोस मला."

"मग काय म्हणू? शत्रुराव?"

त्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्याने तो लगेच आवळला. "एकच सांग. घोंगडी तू बदललीस की नाही? हो म्हण. मग जिंकलीस तरी माझं काही म्हणणं नाही."

"मी सात वर्षांची होते रे. मला परकर उलटा की सुलटा ते कळत नव्हतं."

"खोटं बोलतेस."

"बरं बाबा, बोलते. पाणी पी आणि सगळं संपवू नकोस, मलाही तहान लागलीये."

तो पाणी प्यायला. तांब्या माझ्या हातात दिला तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त पाणी होतं.

मी मागे वळून दरवाजाकडे बघितलं. काकू पायरीवर उभी होती, हातात पळी तशीच. स्वयंपाकातून उठून आलेली. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि आमची काकू गप्प म्हणजे काहीतरी भयंकर होतं. मला वाटलं, बिचारी घाबरलीये. दरवाजा गेला तर या बाईने जायचं कुठे?

लिंबाजीने ढेप्याच्या गळ्यातली साखळी काढली आणि काठी आपटली.

"ढेप्या!" मी हाक मारली. "चल रे राजा, इकडे ये!"

ढेप्याने शेपूट हलवलं आणि डुलत डुलत माझ्याकडे निघाला. आमची माणसं ओरडायला लागली. मी हात पसरले.

तेवढ्यात पलीकडून शीळ आली. लांब, शेवटाला हलकेच वर चढणारी. मीसुद्धा ती ओळखली. लहानपणी रोज संध्याकाळी गोठ्यातून ऐकू यायची.

ढेप्या थांबला. त्याचे कान उभे राहिले. तो वळला आणि दादाकडे बघत राहिला, जसं काहीतरी विसरलेलं आठवतंय. दादाने पुन्हा शीळ घातली, पण या खेपेला ती मध्येच तुटली, कारण तो रडत होता. ढेप्याने एक पाऊल तिकडे टाकलं. मग माझ्याकडे बघितलं. एक पाऊल इकडे टाकलं. बिचाऱ्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मला हाकच मारवेना.

आणि खड्गसेनाच्या कुणा अतिशहाण्या सरदाराला वाटलं, आपल्या माणसाला जोर चढवावा. त्याने नगाऱ्याला खूण केली. कड्याकड्यांतून असा दणका उठला की ढगांच्या शंभर गडगडाटांनी तोंडात बोट घालावं.

ढेप्या जागच्या जागी उडाला. पंख मिटले, शेपूट पायांत घातलं, आणि तो मेघदरवाजाचा रणधवल, हत्ती चिरडणारा, माझ्या शेजारून सुसाट पळत गेला तो थेट पायरीवर. काकूच्या पदराखाली डोकं खुपसलं आणि तिच्या पुढ्यात फतकल मारून बसला.

काकूच्या हातातली पळी खणकन पडली.

नगारे थांबले. सगळे पायरीकडे बघत राहिले. लिंबाजी गुरव तेवढा काठी टेकत टेकत पायरीपाशी गेला आणि खाकरून म्हणाला, "शरभ ज्याच्या पुढ्यात बसेल, दरवाजा त्याचा. दावेदारच असला पाहिजे असं नियमात म्हटलेलं नाही. कौल झाला. दरवाजा गोजराचा."

"अहो पण गुरवकाका—" मी म्हणाले.

"थांब, माझं व्हायचंय. गोजरा, भ्यालेला शरभ आईकडे जातो. आई म्हणजे पहिला वास. एवढं आयुष्य गेलं माझं या दारात, मला वेड्यात काढू नकोस. त्या घोंगडीला वास कुणाचा होता?"

काकू खाली बसली. ढेप्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या टाळक्यात एक चापट मारली. "मेल्या, शेवटी मलाच उघडं पाडलंस ना!" आणि हुंदका फुटला तिला.

"मी धुतली," ती म्हणाली. "सुभानची घोंगडी मी धुतली. नवी नवी सून होते. शरभीण व्यायला टेकली होती, ते बघायला दुसऱ्या दिवशी सात गावचे पाहुणे यायचे होते आणि त्या घोंगडीला असा वास येत होता, असा वास, की मला वाटलं, लोक म्हणतील आई नाही पोराला आणि काकूही मेली घाणेरडी मिळाली. रिठ्याने खळखळून धुतली, वाळत टाकली. संध्याकाळी जाऊबाईंच्या माहेरची म्हातारी बोलता बोलता दंडक सांगून गेली. मग पिल्लू झालं तशी माझी स्वतःची घोंगडी ठेवली त्याच्याखाली. म्हटलं, काळी ती काळी, कुणाला कळतंय! पारखणीला मात्र मी चुलीपाशीच लपून बसले."

"आणि मी तुझ्या कुशीत झोपायचे," मी म्हणाले. सगळं एकदम लख्ख झालं. ढेप्या माझ्याकडे आलाच नव्हता. माझ्या अंगाला लागलेल्या काकूच्या वासाकडे आला होता.

दादा पटांगण ओलांडून कधी आला मला कळलं नाही. तो काकूसमोर उभा होता. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझ्या काकांनी मला कडा उतरायला लावलं असतं. मग तुम्हा दोघांना कोण होतं रे? म्हटलं, याचा राग शांत झाला की याच्या एकट्याच्या कानात सांगेन. पहाटे उठून बघते तर तुझं अंथरूण रिकामं. अनवाणी धावले रे पायऱ्यांवरून. तू दिसलाच नाहीस. रोज म्हणायचे, आज येईल, आज सांगेन."

दादा माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहरा असा झाला, जसं लहान मुलाच्या हातातलं बोरं भरलेलं भांडं उपडं व्हावं.

"इतकी वर्षं मी तुला शिव्या घातल्या, हौसे. रोज. सकाळी उठल्यावर आणि जेवायच्या आधी."

"ऐकू नाही आल्या रे दादा. कडा उंच आहे."

तो हसला. रडता रडता हसला तो, आणि मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागले, कारण मला दुसरं काय करावं तेच कळेना.

एवढ्यात खड्गसेन राजा पुढे आला. धिप्पाड माणूस, मिशा अशा की त्यांवर पोपट बसावेत. "शपथ ती शपथ. मी परत जातो," तो घुश्शात म्हणाला. "सुभान, तुला बक्षीस म्हणून शरभ हवा होता, आता रिकाम्या हाताने बस. बाई, तुमच्या भावाने काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी चढाईच करणार होतो. यानेच माझे पाय धरले. म्हणाला, हाकेचा कौल मागा, आणि ते जमणार नसेल तर पहिला बाण माझ्यावर सोडा. त्या दारात माझी बहीण उभी असते."

मी दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे मला शिव्या घालत घालत मलाच वाचवत होतास होय रे?"

"शिव्या घालायला तू जिवंत नको का?" तो पुटपुटला.

तोवर काकूने डोळे पुसले होते, पळी उचलली होती आणि दरवाजा आपला आहे हे तिच्या डोक्यात नीट शिरलं होतं. ती उभी राहिली.

"गुरवकाका, दरवाजा माझा ना? मग दंडकही माझाच. घोंगडी धुणाऱ्या बाईला मी माफ केलं. लिहून नको, ऐकून ठेवा." मग पळी राजाकडे वळली. "आणि तू रे? तू कुठला?"

"मी? मी तळदेशचा राजा खड्गसेन!"

"ते दिसतंय मिशांवरून. गाव कुठलं?"

"केवडापूर," राजा जरा खालच्या सुरात म्हणाला.

"केवडापूर! अरे, मी केवडापूरच्या कुंभारआळीतली. म्हणजे माहेरचा माणूस माझा. भाऊ लागतोस माझा." तिने कमरेवर हात ठेवले. "इतक्या वर्षांत माहेराहून कुणी फिरकलं नाही, आणि आला तो भाऊ असा? बहिणीच्या दारी येताना चोळीचा खण आणतात रे! तू काय आणलंस? नगारे!"

आधी आमच्यातलं कुणीतरी खुसखुसलं. मग त्याच्या फौजेत मागच्या रांगेतून हशा फुटला आणि पुढपर्यंत आला. राजा लाल झाला. त्याने मिशी ओढली, इकडेतिकडे बघितलं, आणि शेवटी खांद्यावरचा जरीचा शेला काढून काकूच्या हातात ठेवला. वाकून नमस्कारही केला. त्याला स्वतःलाच तो करताना बरं वाटलं असावं, कारण उठला तेव्हा हसत होता.

"वाट हवीये ना तुला खिंडीतली?" काकू म्हणाली. "भाऊ म्हणून ये, दार उघडं आहे. राजा म्हणून आलास तर ढेप्या आहे. आता हत्यारं खाली ठेवा आणि जेवायला बसा. पिठलं निवतंय."

त्या दुपारी पटांगणात अशी पंगत बसली की काय सांगू! आमच्या बायका भाकऱ्या थापताहेत, तळदेशचे शिपाई चुलीत लाकडं सारताहेत, लिंबाजी गुरव ज्याला त्याला पकडून कौलाचे नियम पहिल्यापासून सांगतोय. नगारे पालथे घालून त्यांवर भाकऱ्यांच्या चवडी ठेवल्या होत्या. दादा माझ्या शेजारी बसून माझ्याच ताटातला ठेचा ओढत होता. लहानपणीही असंच करायचा.

जेवणं उरकली तशी काकू आत गेली आणि एक घडी घेऊन आली. काळी घोंगडी. काठाला निळ्या दोऱ्याचं रफू.

दादाचा घास हातातच राहिला.

"टाकवेना रे मला," काकू म्हणाली. "रोज उशाला घेऊन झोपायचे. तुझी म्हणून तेवढीच राहिली होती माझ्याकडे." आणि तिने ती त्याच्या खांद्यांवर घातली, नीट पुढे ओढून घेतली, लहान मुलाला थंडीत लपेटतात तशी.

ढेप्या पलीकडे पिठल्याची कढई चाटत होता. त्याने मान वर केली. नाक हलवलं. कढई सोडून तो उठला, पंगतीतून वाट काढत आला, एका शिपायाची पत्रावळ तुडवली, आणि दादाच्या पुढ्यात येऊन बसला. घोंगडीच्या टोकावर त्याने हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

दादाने त्याच्या आयाळीवर हात ठेवला. "आला गाढव," एवढंच म्हणाला. "केवढा उशीर केलास रे."

काकू डोळ्यांना पदर लावून उभी होती. मग तिची नजर घोंगडीच्या त्या टोकावर गेली. ढेप्याच्या हनुवटीचं पिठलं सगळं तिथे लागलं होतं. तिचा चेहरा बदलला.

"अगं बाई, काय ही दशा! दे इकडे, पटकन धुऊन आणते."

"काकू, नाही!"

दादा आणि मी एकदम ओरडलो. एका दमात, एका सुरात. ढेप्याने एक डोळा उघडून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ऐकू आली तुमची हाक असं म्हटल्यासारखा पुन्हा मिटला.